कातड्याच्या चुऱ्याचा दाणा

श्रावणातल्या मंगळवारी महाराष्ट्रातील नवविवाहिता मंगळागौरीची पूजा मांडते. सोळा प्रकारची पत्री निरनिराळी निवडून ठेवायची, सोळा वातींचा दिवा लावायचा, कहाणी ऐकायची आणि रात्र खेळांनी जागवायची, हा परिपाठ घरोघरी ठाऊक आहे. या गौरीचे एक प्रसिद्ध ठाणे काशीत आहे. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, अरुंद गल्ल्यांच्या जाळ्यात, मंगला गौरीचे मंदिर आहे आणि भोवतीची वस्तीही तिच्याच नावाने ओळखली जाते. घाटावर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला पाषाणाचा दीपस्तंभ आहे. मराठी यात्रेकरू येथे पिढ्यान् पिढ्या येत आले, पायऱ्या उतरून स्नान करीत आले, आणि परतताना गंगेचा गडू भरून घेत आले. तो गडू पुढे देवघरात राहतो आणि त्यातले पाणी कोणाच्या तरी अखेरच्या घोटासाठी जपून ठेवलेले असते.

ज्या पाण्यावर एवढी श्रद्धा, ते पाणी घाटाला लागण्यापूर्वी फार लांबचा प्रवास करून आलेले असते. हरिद्वार, कनोज, कानपूर, प्रयाग, विंध्याचल अशी वाट चालून गंगा काशीला येते आणि तेथे उत्तरवाहिनी होते. या वाटेवर, कानपूर शहराच्या पूर्वेला, नदीच्या उजव्या तीरावर जाजमऊ ही चर्मालयांची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करासाठी खोगिरे, पट्टे आणि बूट बनविण्याचे कारखाने कानपुरात निघाले आणि त्यांच्या आश्रयाने कातडी कमावण्याचा धंदा तेथे रुजला. काशीपासून हे ठिकाण सडकेने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जाजमऊच्या पाण्यातील जड धातूंचा पुष्कळसा भाग तेथल्याच तळच्या गाळात बसतो आणि प्रयागला यमुनेचे पाणीही येऊन मिळते. तेव्हा कानपूरची सगळी घाण काशीच्या पायरीला लागते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु नदीचे तुकडे पाडता येत नाहीत. चर्मालयाच्या अंगणात काय टाकून दिले जाते आणि टाकून दिलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यामुळे केवळ कानपूरचा राहत नाही.

टाकून दिले जाते ते थोडेथोडके नसते. मिठात मुरविलेली हजार किलो ओली कातडी चर्मालयात आली, तर त्यातून बाहेर पडणारे तयार चामडे सुमारे दोनशे ते अडीचशे किलो भरते. त्यासाठी तीस ते चाळीस हजार लिटर पाणी खर्ची पडते. उरलेल्या वजनात मीठ व पाण्याचा वाटा मोठा असला, तरी केस, मांसाचे तुकडे, चरबी, कडांची कात्रणे, तासून काढलेला चुरा आणि घासणीची धूळ असा बराच घन ऐवजही त्यात असतो. तासणीचा चुराच शंभर किलोच्या आसपास निघतो. चामडे हा उद्योगाचा मुख्य माल खरा, पण वजनाने पाहू गेल्यास तोच अल्पसंख्य ठरतो.

हा ऐवज मुळात कशाचा बनलेला आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. जनावराच्या कातड्याचा मुख्य घटक म्हणजे कोलॅजन नावाचे प्रथिन. दोरखंडात जसे पीळ एकमेकांत गुंतलेले असतात, तशा या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींत वळलेल्या असतात. त्यांचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते आणि तिच्यातून कातड्याला चिवटपणा येतो. तबल्याच्या पुडीवर असते ते न कमावलेले कातडे. कोरडे असेपर्यंत ते ताणलेले आणि खणखणीत राहते, परंतु ओल धरली की सैल पडते आणि फार दिवस ओले राहिले तर कुजू लागते. पाण्यात घालून साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापविले, तर ते आक्रसते. आणखी शिजविले, तर पीळ सुटून त्याचा सरस होतो. शुद्ध करून घेतलेला हाच सरस म्हणजे जिलेटिन.

कातडे कमावणे म्हणजे कोलॅजनच्या या पिळांना परस्परांशी असे बांधून टाकणे, की ते पाण्याने सुटू नयेत आणि जंतूंनी खाऊ नयेत. आपल्याकडील जुनी रीत झाडपाल्याची. कोल्हापूर, मिरज, अथणी, निपाणी या टापूत हिरडा आणि बाभळीची साल यांच्या अर्कात कातडी मुरवीत. या वनस्पतींतील तुरट द्रव्ये धाग्यांमध्ये शिरून बसतात आणि त्यांना घट्ट करतात. ढोर समाजाच्या कुटुंबांनी हे कष्टाचे आणि दुर्गंधीचे काम शतकानुशतके केले. समाजाने त्यांच्या हातचे चामडे वापरले आणि त्या हातांना मात्र गावाबाहेर ठेवले. हे काम सावकाशीचे होते. कातडे पुरते मुरण्यास कित्येक आठवडे, जाड कातड्यास कधी महिनेही लागत.

एकोणिसाव्या शतकात या धंद्यात मोठा पालट झाला. १८५८ साली जर्मनीतील फ्रीडरिश क्नाप यांनी धातूंच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे दाखविले. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. क्रोमियमचे कण कोलॅजनच्या साखळ्यांना जागोजागी टाके घालावेत तसे जोडतात. लाकडी पिंपात कातडी आणि क्रोमियमचे द्रावण एकत्र फिरविले, की एका दिवसात काम उरकते. असे चामडे उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. मऊ राहते, हलके राहते आणि हवा तो रंग घेते. जगातील बहुतेक चामडे आज याच रीतीने कमावले जाते. जाजमऊच्या पिंपांतून बाहेर पडणारी ओली निळसर कातडी ही या पद्धतीचीच खूण होय.

परंतु जो गुण चामड्याला टिकाऊ करतो, तोच त्याच्या टाकाऊ भागाला अवघड करून ठेवतो. क्रोमियमचे टाके पडलेला चुरा लवकर कुजत नाही. येथून चर्मालयाच्या कचऱ्याची दोन कुळे वेगळी होतात. पिंपात क्रोमियम पडण्याच्या आधी निघालेला कचरा, म्हणजे केस, खरवडून काढलेले मांस, चरबी आणि कच्च्या कडा, हा निव्वळ सेंद्रिय असतो. चुना व मीठ धुऊन काढले, तर त्यापासून सरस, साबणाची चरबी, खत आणि जळाऊ वायू अशा कित्येक वस्तू निघू शकतात. क्रोमियमनंतर निघालेला कचरा, म्हणजे तासणीचा चुरा, रंगविलेल्या चामड्याची कात्रणे आणि घासणीची धूळ, हे दुसरे कुळ. यातील कोरड्या चुऱ्यात प्रथिनाचा भाग फार मोठा असतो आणि त्याच्या जोडीला क्रोमियम ऑक्साइड साधारणतः तीन-चार टक्के असते.

क्रोमियमची दोन रूपे येथे ध्यानात ठेवावी लागतात. चामड्यात असते ते त्रिसंयुजी क्रोमियम. ते धाग्यांना घट्ट चिकटलेले असते आणि तुलनेने कमी घातक आहे. याच धातूचे षट्संयुजी रूप मात्र पाण्यात सहज विरघळते, शरीरातील पेशींत शिरते आणि कर्करोगाला कारण होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली त्याची गणना निश्चित कर्कजनक द्रव्यांत केली आहे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होण्यास उष्णता, हवा आणि अल्कली यांची संगत पुरते. म्हणून चामड्याचा चुरा भट्टीत जाळणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय. चुरा नाहीसा झाल्यासारखा दिसतो. पण क्रोमियम जळत नाही, ते राखेत उतरते, आणि त्यातील काही भाग घातक रूप धारण करून पहिल्या पावसाबरोबर जमिनीत जातो. कानपूर देहात जिल्ह्यातील रानिया व खानचंद्रपूर येथे क्रोमियमचे क्षार बनविणाऱ्या कारखान्यांचा मळ वर्षानुवर्षे ढिगाऱ्यांनी साठला, त्यातील षट्संयुजी क्रोमियम भूजलात उतरले, आणि शेवटी हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. तो मळ चर्मालयांचा नव्हता. पण ज्या क्षारांवर चर्मालये चालतात त्यांचाच होता.

नदीच्या बाबतीत कायद्याने पहिले मोठे पाऊल १९८७ साली उचलले गेले. महेशचंद्र मेहता यांच्या अर्जावर त्या वर्षीच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जाजमऊच्या चर्मालयांना सांडपाण्याचे प्राथमिक शुद्धीकरण करण्याचा, अन्यथा काम बंद ठेवण्याचा आदेश दिला. खर्च परवडत नाही ही सबब न्यायालयाने मानली नाही. किमान वेतन देऊ न शकणाऱ्या कारखान्याला जसा चालण्याचा हक्क नाही, तसा पाणी शुद्ध करू न शकणाऱ्या चर्मालयालाही नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे गंगा कृती योजनेत, नेदरलँड्सच्या साहाय्याने, जाजमऊला शुद्धीकरण केंद्र उभे राहिले आणि १९९४ साली ते सुरू झाले. त्याची क्षमता दिवसाला तीन कोटी साठ लाख लिटर. त्यात नव्वद लाख लिटर चर्मालयांचे पाणी आणि दोन कोटी सत्तर लाख लिटर शहराचे सांडपाणी, असे एकत्र घेण्याची योजना होती.

या एकत्र करण्यातच एक मोठा धडा दडलेला आहे. घरगुती सांडपाण्याच्या गाळाचे खत होऊ शकते. चर्मालयाच्या पाण्यातील क्रोमियम वेगळे काढले, तर ते पुन्हा चर्मालयाच्या कामी येते. पण दोन्ही एकत्र झाली, की सगळ्याच गाळात क्रोमियम उतरते. तो खताच्या कामाचा राहत नाही आणि त्यातले विरळ झालेले क्रोमियम परत मिळविणेही परवडत नाही. दोन उपयोगी वस्तूंच्या मिश्रणातून एक निरुपयोगी आणि धोकादायक वस्तू तयार होते. हे ध्यानात आल्यावर चर्मालयांच्या पाण्यासाठी स्वतंत्र केंद्र बांधण्याचे काम पुढे नमामि गंगे योजनेखाली हाती घेण्यात आले. पाण्याला जो न्याय, तोच चुऱ्यालाही लागू पडतो.

आता या चुऱ्याचे उपयोगी दाणे कसे करतात ते पाहू गेल्यास, कृती ऐकण्यास सोपी आहे. तासणीचा चुरा आणि घासणीची धूळ हा फार त्रासदायक माल. तो हलका असतो, वाऱ्याने उडतो, कामगारांच्या छातीत जातो, ठिणगी पडली तर पेट घेतो. पोत्यात भरला तर जागा फार अडवितो आणि वजन थोडे भरते. म्हणून प्रथम तो चाळतात, वाळवितात आणि सारखा दळून घेतात. मग एका तिरप्या, फिरत्या तबकडीवर तो टाकून वरून बंधक द्रवाचा बारीक फवारा मारतात. द्रवाचा थेंब पडला की त्याभोवती चुऱ्याचे कण चिकटतात. तबकडी फिरत राहते, कण घरंगळत राहतात, आणि प्रत्येक घरंगळण्यासरशी त्यांवर नवा थर चढतो. संक्रांतीच्या आधी परातीत तीळ घेऊन, थेंब थेंब पाक सोडीत, हाताने सतत फिरवीत हलवा करणाऱ्या गृहिणीला ही क्रिया समजावून सांगण्याची गरज नाही. पाक एकदम जास्त पडला तर गोळा होतो, हात थांबला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पाक करपतो. कारखान्यातील तबकडीची शिस्तही अशीच आहे. तिचा तिरपेपणा, वेग आणि फवाऱ्याचे प्रमाण यांवर दाण्याचा आकार ठरतो.

पोलंडच्या चर्मोद्योग संशोधन संस्थेतील प्रयोगांत अशा चुऱ्यात जिप्सम व डोलोमाइट यांसारखी खनिजे मिसळून, सोडियम सिलिकेटच्या द्रावणाने त्यांचे दाणे बांधण्यात आले. असे दाणे वाळले की कठीण होतात, उडत नाहीत, मोजता-मापता येतात आणि बांधकामाच्या हलक्या मिश्रणांत भर म्हणून वापरता येतात. चामड्याच्या धाग्यांत हवा कोंडलेली असल्याने त्यांचा उष्णतारोधक म्हणूनही उपयोग होऊ शकतो. दुसरी वाट चामडी पुठ्ठ्याची. चुरा पाण्यात भिजवून त्याचे धागे मोकळे करतात, रबराच्या चिकाने ते बांधतात आणि दाबून त्याचे तक्ते करतात. पादत्राणांचे आतले तळ आणि टाचांचे थर या पुठ्ठ्याचे निघतात. हा उद्योग नवा नव्हे. अनेक देशांत तो दीर्घकाळ चालत आला आहे.

तिसरा एक उपयोग बनारसच्या विणकरांच्या जवळचा आहे. कमावलेले चामडे आम्लधर्मी रंग चटकन धरते. ते रंगविता येते ते या गुणामुळेच. हाच गुण त्याच्या चुऱ्यातही असतो. रेशमासाठी आणि लोकरीसाठी वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ रंगांचे कूळ हेच. रंगकामाचे पाणी अशा चुऱ्यातून गाळले, तर बराचसा रंग त्याला चिकटून राहतो, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. मात्र रंगाने भरलेल्या चुऱ्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न तेथे शिल्लक राहतोच.

येथवर ऐकून दाणा हा सर्व रोगांवर उतारा वाटण्याचा संभव आहे. पण दाणा बांधल्याने क्रोमियम नाहीसे होत नाही. ते दाण्यात कोंडले जाते एवढेच. ते कोंडलेलेच राहील याची खात्री करून घ्यावी लागते. त्यासाठी दाणे ठरावीक काळ पाण्यात बुडवून ठेवतात आणि त्या पाण्यात क्रोमियम किती उतरले ते मोजतात. सोडियम सिलिकेटसारखा बंधक अल्कधर्मी असतो. तेव्हा दाणे कोणत्या तापमानाला वाळविले, याचीही नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. त्यातच दाणा कोठे वापरावयाचा यावर सारे अवलंबून आहे. भिंतीत बंदिस्त झालेला दाणा आणि शेतात पसरलेला दाणा यांना एकच माप लावता येत नाही.

शेताचेच उदाहरण घेऊ. कोरड्या कोलॅजनमध्ये नत्राचे प्रमाण सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत असते आणि ते हळूहळू सुटते, म्हणून चामड्याच्या कचऱ्याचे खत करण्याचा मोह जुना आहे. इटलीत चामड्याचे तुकडे दाबाखालील वाफेत शिजवून, वाळवून, दळून त्यांचे दाणेदार खत करण्याची प्रथा आहे आणि त्यात नत्र दहा टक्क्यांहून अधिक भरते. युरोपात अशा सेंद्रिय खतात षट्संयुजी क्रोमियम किलोमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, असा २०१९ चा नियम आहे. भारताच्या खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्ट खतासाठी एकूण क्रोमियमचीच मर्यादा किलोमागे पन्नास मिलिग्रॅम ठरविली आहे. कोरड्या क्रोम-चुऱ्याच्या एका किलोत क्रोमियम वीस ग्रॅमांहून अधिक, म्हणजे वीस हजार मिलिग्रॅमांच्या वर असते. पन्नास कोठे आणि वीस हजार कोठे! असा चुरा तसाच दळून, त्याचे सुबक दाणे करून, सेंद्रिय खत म्हणून शेतकऱ्याच्या हाती देणे ही त्याची फसवणूक ठरेल.

उपयोगाच्या नावाखाली केवढा अनर्थ होतो याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशात घडले. ढाक्याच्या हजारीबाग भागातील चर्मालयांचा चुरा शिजवून, वाळवून तो कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात मिसळला जाई. प्रथिन स्वस्त मिळत होते, कचऱ्याची विल्हेवाट लागत होती आणि गरिबांच्या हाताला काम होते. परंतु कोंबड्यांच्या मांसात आणि अंड्यांत क्रोमियम आढळले, आणि २०११ साली तेथील उच्च न्यायालयाला असे खाद्य बनविण्यास मनाई करावी लागली. कचरा नाहीसा झाला होता खरा, पण तो लोकांच्या ताटात जाऊन नाहीसा झाला होता.

तेव्हा क्रोम-चुऱ्यातील प्रथिन खतासारख्या कामी लावावयाचे असेल, तर आधी त्याची क्रोमियमपासून फारकत झाली पाहिजे. याचाही मार्ग सापडलेला आहे. अमेरिकी शेतीखात्याच्या पेनसिल्व्हानियातील संशोधनकेंद्रात १९९० च्या दशकात पुढील रीत विकसित झाली. मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या सौम्य अल्कलीत चुरा बेताच्या उष्णतेवर शिजवावयाचा. त्यातून जिलेटिन सुटते. उरलेल्या गाळावर प्रथिने तोडणाऱ्या विकराची क्रिया केली, की आणखी प्रथिन विरघळते, आणि शेवटी क्रोमियमची पेंड मागे राहते. ही पेंड गंधकाम्लात विरघळवून पुन्हा कमावणीच्या पिंपात वापरता येते. पिंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावरही असाच उपाय आहे. रूढ पद्धतीत घातलेल्या क्रोमियमपैकी साठ-सत्तर टक्केच कातडे धरते, बाकीचे वाहून जाते. ते पाणी वेगळे साठवून मॅग्नेशियम ऑक्साइड टाकले, तर क्रोमियम तळाशी बसते. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, जी १९४८ साली स्थापन झाली, आपल्या देशातील चर्मालयांसाठी या रीतींवर पुष्कळ काम केले आहे. परंतु यांतील प्रत्येक रीतीची अट एकच: चुरा स्वच्छ हवा, पाणी वेगळे हवे. मातीत, मांसात, रंगाच्या कात्रणांत आणि गटारात एकत्र कालवलेल्या ढिगाऱ्यावर कोणतेही शास्त्र चालत नाही.

ही दृष्टी महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचे कातडे सोडविणे हे हीन काम नसून ती एक विद्या आहे, आणि जनावराचा कोणताही भाग वाया जाता कामा नये, हा त्यामागचा विचार होता. कातडे कमावावयाचे, हाडे व मांस यांचे खत करावयाचे, चरबी, शिंगे, खूर यांचा वेगवेगळा उपयोग करावयाचा, आणि हे सारे त्या त्या वेळी निरनिराळे काढून ठेवावयाचे. तेथे क्रोमियमचा प्रश्न नव्हता. पण वस्तू मिसळण्यापूर्वी निवडावी, हे सूत्र तेच होते.

आजच्या महाराष्ट्रात हे सूत्र दोन ठिकाणी जोडीने पाहता येते. २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेली अस्सल कोल्हापुरी चप्पल झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याची. चांभाराच्या रापीखालून पडणाऱ्या तिच्या कात्रणात क्रोमियम नसते. ते सावकाश का होईना, मातीत मिळून जाते. मुंबईच्या धारावीत बॅगा, पट्टे, पाकिटे शिवणाऱ्या कारागिरांच्या पायाशी पडणारी कात्रणे बहुतांशी क्रोम-चामड्याची. दोन्ही तुकडे हातात धरले तर दिसायला सारखेच वाटू शकतात. एक परसातल्या खड्ड्यात चालेल, दुसरा चालणार नाही. आणि एकदा एकाच पोत्यात पडले, की दोन्ही चालणार नाहीत.

म्हणून चामड्याच्या कचऱ्याचे दाणे करण्याच्या यंत्रापेक्षा, त्या यंत्रापर्यंत चुरा कसा येतो याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. क्रोमियमपूर्वीचा कचरा वेगळ्या हौदात, तासणीचा चुरा वेगळ्या पोत्यात, घासणीची धूळ यंत्राच्या तोंडाशीच ओढून घेऊन बंद पिंपात, हे काम महागड्या यंत्राचे नाही. ते चर्मालयाच्या फरशीवर उभ्या असणाऱ्या कामगाराचे आहे. त्याला हातमोजे, नाकावर पट्टी, निवडीसाठी वेळ आणि त्या वेळेची मजुरी मिळाली पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी मजुरी ठरते ती तयार चामड्याच्या मापावर. निवडलेल्या चुऱ्याला भाव मिळू लागला, तर झाडू मारणाऱ्या हातालाही किंमत येईल. दाण्याचा खरा लाभ येथेच आहे: विकता येणारी वस्तू कोणी नदीत लोटीत नाही.

काशीला मंगला गौरीच्या दर्शनाला आलेली मराठी सुवासीण पायऱ्या उतरते, वाकते आणि गडू बुडवून भरून घेते. त्या पाण्यात वरच्या अंगाच्या कितीतरी गावांचे आणि कितीतरी हातांचे काम मिसळलेले असते. घरी मंगळागौर मांडताना तिने पत्रीची सोळा पाने निरनिराळी निवडून ठेवली होती. जाजमऊच्या फरशीवर तीन-चारच ढीग निरनिराळे ठेवावयाचे आहेत.